काँप्युटरवरची चित्रे बिघडली, तर हिशेब गेला असे समजू नका



पान गुंडाळते, घड सुकतो, जनावर चारा खात नाही अशा तक्रारी ऐकण्यात माझी नोकरीची अठ्ठावीस वर्षे गेली. अलीकडे त्यात एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. "साहेब, काँप्युटरवरची समदी चित्रं एकसारखी झाली बघा, काय उघडतच न्हाई." मी शेतकी पदवीधर, काँप्युटरचा वैद्य नव्हे. पण ज्या घरी ठिबकच्या अनुदानाचा कागद पाहायला जावे, त्याच घरी हेही गाऱ्हाणे कानी येते. म्हणून गेल्या काही वर्षांत थोडे शिकलो. जे शिकलो आणि स्वतः करून पाहिले, तेवढेच येथे सांगतो.

२०१९ सालच्या जानेवारीतील गोष्ट. तासगाव तालुक्यातील एका वस्तीवर द्राक्षबागायतदाराचे घर आहे. म्हातारे आबा, दोन मुलगे, सुना, नातवंडे असे एकत्र कुटुंब. थोरली सून बारावी शिकलेली. लग्न होऊन आल्यापासून घराचा सारा हिशेब तिने काँप्युटरवर ठेवलेला. मजुरांच्या उचली, औषधांची बिले, बेदाण्याची पट्टी, दोघा भावांनी घेतलेली रक्कम असे आठ वर्षांचे सगळे. शिवाय बागेच्या फवारण्यांची वही: कोणत्या तारखेला कोणते औषध, किती मात्रेत, काढणीच्या किती दिवस आधी. त्या वर्षी माल परदेशी पाठवायचा होता आणि घेणाऱ्याला ती नोंद चार दिवसांत हवी होती.

आणि नेमके तेव्हाच नातवाने कसलीशी पावती उघडताना पडद्यावर काहीतरी दाबले. पीडीएफ वाचण्याचा जो प्रोग्रॅम असतो त्याचे चित्र सगळ्या चित्रांच्या जागी आले. एक्सेल दाबा, तोच प्रोग्रॅम उघडे. इंटरनेट दाबा, तोच उघडे. आणि वर इंग्रजीत निरोप येई की ही फाइल त्या जातीची नाही किंवा खराब झालेली आहे. 'खराब' हा शब्द वाचून घरात सुतकाची कळा आली. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने यंत्र न पाहताच सांगितले, फॉरमॅट मारावे लागेल.

फॉरमॅट म्हणजे काय, हे घरातल्यांना ठाऊक नव्हते. सारे पुसून काँप्युटर कोरा करणे, हे कळल्यावर सूनबाईंनी यंत्र पोत्यात बांधून न्यायला निघालेल्या दिराला थांबवले आणि मला फोन लावला. धाकट्याच्या मनात भलताच विचार. तो म्हणाला, "वहिनी, हिशेब नेमका आत्ताच कसा गेला?" वाटणीची बोलणी त्या घरात चालू होती, हे मला माहीत होते. तेव्हा प्रश्न नुसत्या चित्रांचा राहिला नव्हता.

आता हा रोग समजून घेऊ.

पडद्यावर जी लहान लहान चित्रे दिसतात त्यांतली बहुतेक म्हणजे खरा माल नव्हे, त्या नुसत्या पाट्या आहेत. इंग्रजीत त्यांना शॉर्टकट म्हणतात. १९९५ च्या विंडोजपासून त्या आल्या. फाट्यावर 'अमुक वस्ती इकडे' अशी पाटी असते ना, तशीच ही. चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असेल तर ती पाटी समजावी. वस्ती दुसरीकडे, डिस्कच्या आत कोठेतरी असते. पाटी कोणी मोडली, उलटी फिरवली, वाऱ्याने पडली, तरी वस्तीचे घर काही हलत नाही.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. सांगलीच्या बाजारात बेदाणा, हळद, गूळ अशी पोती येतात. अशी कल्पना करा की फाटकावर एक माणूस बसला आहे. तो पोते फोडून पाहत नाही, वरची चिठ्ठी पाहतो, आपल्या वहीत बघतो आणि सांगतो की हळद त्या गाळ्यावर, बेदाणा पलीकडच्या गाळ्यावर. काँप्युटरमध्ये विंडोज हा फाटकावरचा माणूस. प्रत्येक फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर दोन-चार अक्षरे असतात, ती चिठ्ठी. पीडीएफ, जेपीजी, डीओसीएक्स, एक्सएलएसएक्स ही त्यांची उदाहरणे. कोणत्या चिठ्ठीचा माल कोणत्या प्रोग्रॅमकडे पाठवायचा याची वही विंडोजजवळ असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. वहीत चुकीचा गाळा लिहिला गेला तर हळद बेदाण्याच्या गाळ्यावर जाते. अडत्या म्हणतो, हा माल खराब आहे. माल खराब नसतो, तो त्याच्या धंद्यातला नसतो इतकेच.

आता मौज अशी की, पाटी हीसुद्धा काँप्युटरच्या लेखी एक फाइलच आहे. तिलाही चिठ्ठी असते, एल-एन-के या तीन अक्षरांची. ती आपल्याला कधी दिसत नाही, विंडोज ती लपवून ठेवते. नातवाने एका पाटीसाठी प्रोग्रॅम निवडताना 'नेहमी याच प्रोग्रॅमने उघडा' या अर्थाच्या चौकोनात खूण राहू दिली. झाले! त्या क्षणी वहीत नोंद पडली की एल-एन-के चिठ्ठीचा सारा माल पीडीएफच्या गाळ्यावर. म्हणून एकाच वेळी सगळ्या पाट्या फिरल्या. विंडोज ७ ही जुनी प्रणाली ज्या यंत्रांवर होती तेथे हा प्रकार पुष्कळ घडे.

मी वस्तीवर पोचलो तेव्हा पडवीत सारे जमलेले. मी काही दुरुस्त करण्याआधी एकच केले. कळफलकावर खिडकीचे चिन्ह असलेली कळ असते, ती दाबून धरून ई हे अक्षर दाबले. त्याबरोबर काँप्युटरचे कपाट उघडते. ते पाटीवरून नव्हे, सरळ दाराने. आत डॉक्युमेंट्स, त्यात 'घर हिशेब' नावाचा कप्पा आणि त्यात आठ वर्षांच्या आठ फाइली ओळीने. एकीवर दोनदा टिचकी मारली. एक्सेल उघडले आणि २०११ सालच्या छाटणीच्या मजुरीचा पहिला आकडा पडद्यावर आला. एक्सेलच्या चिठ्ठीची नोंद वहीत बरोबरच होती, बिघडली होती फक्त पाट्यांची. सूनबाई काही बोलल्या नाहीत, पदराने डोळे टिपून चहा टाकायला आत गेल्या. धाकटा मात्र स्टूल ओढून पडद्याजवळ बसला आणि एकेक वर्ष उघडून पाहू लागला.

पुढची पायरी महत्त्वाची आहे आणि तीच लोक विसरतात. दुरुस्तीला हात घालण्याआधी आठही फाइली आणि फवारणीची वही पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. विहिरीत उतरण्याआधी दोर बांधतो, तसे.

मग दुरुस्ती. खिडकीची कळ आणि आर दाबले की एक छोटी चौकट येते. तीत रजिस्ट्री उघडण्याचा 'रेजएडिट' हा शब्द लिहिला. ही वही फार जपून हाताळावी. भलतीच ओळ खोडली तर यंत्र सुरूही होणार नाही. चालू वापरणाऱ्याच्या नावाखाली विंडोज, एक्सप्लोरर, फाइल-एक्स्ट असे आत आत गेले की चिठ्ठ्यांची यादी लागते. त्यात एल-एन-के खाली 'यूजर चॉइस', म्हणजे 'वापरणाऱ्याची निवड', ही नोंद सापडली. आधी त्या पानाची नक्कल काढून ठेवली, मग ती एकच नोंद खोडली आणि काँप्युटर बंद करून पुन्हा चालू केला. सगळी चित्रे आपापल्या रूपात परत आली. वेळ लागला असेल पाव तास, त्यातही निम्मा यंत्र सुरू होण्यात गेला.

तुम्हाला रजिस्ट्रीत हात घालण्याचे धाडस करू नका असेच मी सांगेन. जाणकाराकडून करून घ्यावे. पण त्याला काय करायचे आहे हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे तो 'फॉरमॅट' म्हणताच आपण 'थांबा' म्हणू शकतो. एक सोपी पारखही आहे. ही नोंद वापरणाऱ्यापुरती असते. काँप्युटरवर दुसऱ्या नावाचे खाते उघडून आत गेलात आणि तेथे चित्रे ठीक दिसली, तर यंत्र धडधाकट आहे, फक्त तुमच्या खात्याच्या वहीत चूक आहे असे खुशाल समजावे.

पाट्या गेल्या तरी माल शाबूत राहतो याचा मोठा दाखला जगाने २०२३ साली पाहिला. १३ जानेवारीला मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या राखणदार प्रोग्रॅमला एक सदोष माहिती पोचली आणि त्याने अनेक कंपन्यांच्या काँप्युटरवरील पाट्याच चोर समजून काढून टाकल्या. सकाळी लोक कामावर आले तो वर्ड नाही, एक्सेल नाही. प्रत्यक्षात प्रोग्रॅम जागच्या जागी होते. मायक्रोसॉफ्टने माहिती सुधारली आणि पाट्या पुन्हा उभ्या करण्याची साधने दिली. राखणीच्या कुत्र्याने घरच्याच माणसाला चावावे, तसा तो प्रकार.

आता रोजच्या बारीकसारीक दुखण्यांकडे वळू.

एखादीच पाटी चालत नसेल तर बहुधा खरी फाइल कोणी दुसऱ्या कप्प्यात हलवली किंवा तिचे नाव बदलले असे समजावे. कधी फाइल पेनड्राइव्हवर असते आणि पेनड्राइव्ह लावलेलाच नसतो, किंवा त्याला या वेळी दुसरे अक्षर मिळालेले असते. विंडोज विचारते, ही पाटी काढून टाकू का? 'हो' म्हटल्याने हिशेब जात नाही, पाटीच जाते. तरी घाई करू नये. पाटीवर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' उघडावे. तेथे 'टार्गेट' या चौकटीत वस्तीचा जुना पत्ता लिहिलेला असतो आणि फाइल शोधायला तोच धागा उपयोगी पडतो. फाइल सापडली की तिच्यावर उजवी टिचकी, मग 'सेंड टू', मग 'डेस्कटॉप', की नवी पाटी तयार. विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावे लागते.

मात्र ज्या चित्राला बाण नाही ते काढू नका. तो खरा माल पडद्यावर ठेवलेला असू शकतो.

या बाणाने मला स्वतःला एकदा चांगलेच फजीत केले आहे. शेतकरी मेळाव्यात मिलीबग किडीवर चित्रांसह बोलायचे होते. आदल्या रात्री पडद्यावरचे चित्र उचलून पेनड्राइव्हवर ठेवले आणि निश्चिंत झोपलो. सकाळी दोन-अडीचशे माणसांसमोर पेनड्राइव्ह लावला तर आत फाइल नाही, तिची पाटी! वस्ती राहिली घरी, पाटी आणली बरोबर. शेवटी फळ्यावर खडूने कीड काढून दाखवली. मागच्या रांगेतून कोणी ओरडले, "साहेब, कीड हाय का म्हैस?" तेव्हापासून मी फाइलचे वजन पाहिल्याशिवाय पेनड्राइव्ह काढत नाही. पाटीचे वजन एक-दोन केबी भरते, चित्रे घातलेली फाइल त्याच्या शेकडो पट असते. बँकेत, सोसायटीत किंवा लेखापरीक्षकाकडे कागद पेनड्राइव्हवरून नेणाऱ्यांनी हे जरूर पाहावे. काँप्युटर फॉरमॅट करण्यापूर्वी 'सगळे उतरवून घेतले' असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा त्याने पाट्याच उतरवल्या नाहीत ना, हे तर दोनदा पाहावे.

सातबारा किंवा विम्याची पावती पीडीएफ असते. ती भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडू लागली तर तीवर उजवी टिचकी मारून 'ओपन विथ', मग 'चूज अनदर अ‍ॅप' घ्यावे, योग्य प्रोग्रॅम निवडावा आणि 'ऑलवेज' म्हणावे. नुसते एकदा पाहायचे असेल तर 'जस्ट वन्स'. नातवाचे चुकले ते येथेच. खात्री नसेल तर 'ऑलवेज' म्हणू नये. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स या वाटेनेही हीच वही उघडते आणि ती रजिस्ट्रीपेक्षा पुष्कळ बिनधोक असते. सगळाच गोंधळ झाला असेल तर तेथे 'रीसेट' आहे. त्याने वही मूळ स्थितीत येते, फाइलींना धक्का लागत नाही.

कधी गाळ्याचे नाव बरोबर असते पण गाळाच उठून गेलेला असतो. फॉरमॅटनंतर एक्सेल परत घातलेलेच नसले, तर हिशेबाची फाइल उघडणार कशी? अशा वेळी लिबरऑफिस हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घालून घेतला तरी एक्सेलची फाइल उघडते.

एक वेगळे दुखणे आपल्या मराठी घरांत आढळते. जुने पत्र किंवा ठराव उघडतो, पण अक्षरे अगम्य दिसतात. ही ना पाटीची चूक, ना वहीची. आयएसएम किंवा श्रीलिपी या पद्धतीने टाइप केलेल्या मजकुराचा टंक त्या यंत्रावर नसतो. टंक घातला की मजकूर वाचता येतो. फाइल बिघडली समजून सोसायटीची जुनी इतिवृत्ते पुसून टाकल्याचे एक उदाहरण मला माहीत आहे. फार वाईट वाटले.

आता चोरांविषयी, कारण चोरसुद्धा याच पाट्या आणि चिठ्ठ्या वापरतात.

पेनड्राइव्ह गावातल्या दहा यंत्रांत फिरून आला आणि त्यातले कप्पे नाहीसे होऊन त्याच नावाच्या बाण असलेल्या पाट्या दिसू लागल्या, तर तो विषाणू समजावा. त्याने खरे कप्पे लपवले आणि आपल्याकडे नेणाऱ्या पाट्या लावल्या. पाटीवर टिचकी मारू नये. प्रथम राखणदार प्रोग्रॅमकडून पेनड्राइव्ह तपासून घ्यावा. नंतर फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या आणि प्रणालीच्या फाइली दाखवण्याची सोय चालू केली की खरे कप्पे फिकट रंगात दिसू लागतात, त्यांतील माल उतरवून घ्यावा. माल सहसा आतच असतो. २०१० साली सापडलेला स्टक्सनेट हा विषाणू तर याहून जहाल होता. पेनड्राइव्हवरच्या पाटीचे चित्र पडद्यावर नुसते दिसले तरी तो आत शिरे. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते भगदाड बुजवले.

चिठ्ठी लपवण्याची विंडोजची सवय तर चोरांच्या पथ्यावरच पडली. २००० सालच्या मे महिन्यात प्रेमपत्राच्या नावाने एक टपाल जगभर फिरले. फाइलच्या नावात टीएक्सटी दिसे, म्हणजे साधा मजकूर. त्यापुढची व्हीबीएस ही खरी चिठ्ठी झाकलेली, म्हणजे तो चालता प्रोग्रॅम होता. लाखो लोकांनी उघडला. म्हणून फाइलींच्या कपाटात 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' ही खूण चालू ठेवावी, म्हणजे चिठ्ठी पुरती वाचता येते. शेवटी ईएक्सई असेल तर ते बिल नव्हे. फोनवरही हेच आहे. सरकारी योजनेची यादी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलच्या शेवटी एपीके असेल, तर तो कागद नाही, प्रोग्रॅम आहे. उघडू नये, पुढे तर मुळीच पाठवू नये.

चिठ्ठी दिसू लागली की एक पथ्य पाळावे लागते. फाइलचे नाव बदलताना टिंबापुढची अक्षरे खोडू नयेत. खोडली तर फाटकावरचा माणूस गोंधळतो. चुकून खोडली तर तीच पुन्हा लिहावीत, फाइल पूर्ववत उघडते.

जुने यंत्र विकत घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. विंडोज ७ चा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवला, आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशी यंत्रे चालतात, पण नवी भगदाडे बुजवली जात नाहीत. हिशेबासाठी ठेवा हवे तर, मात्र नक्कल पेनड्राइव्हवर नियमित घेत जा.

त्या वस्तीवर फवारणीची नोंद वेळेत पोचली. वाटणीही पुढे झाली, त्याच आठ फाइलींवरून, दोघा भावांनी शेजारी बसून. सूनबाईंनी त्यानंतर दर अमावास्येला नक्कल घेण्याचे ठरवून टाकले आहे. तारीख विसरते, अमावास्या विसरत नाही, असे त्या म्हणतात.

आणि तुमच्याकडे असे काही घडले तर माझ्यासारख्याला बोलावण्याआधी एक करा. रोगट पान तुम्ही पिशवीत घालून आणता, तसा पडद्यावर आलेला इंग्रजी निरोप अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून घ्या, किंवा फोनने त्याचा फोटो काढा, आणि त्याच्या आधी काय दाबले होते तेही पोराला न रागावता विचारून लिहून ठेवा. रागावलात तर ते खरे सांगत नाही, आणि निम्मे निदान तिथेच अडते.